क्यूएमू: छापखान्यातला जुना संगणक एका फाइलीत ठेवताना

आमच्या घरच्या छापखान्यात २००६ साली घेतलेला एक संगणक गेल्या वर्षापर्यंत रोज चालू होत असे. त्यावर विंडोज एक्सपी होते आणि युनिकोडपूर्व काळातले एक मराठी अक्षरजुळणीचे सॉफ्टवेअर होते, ज्याच्या फाँटमध्ये जुळवलेला मजकूर दुसऱ्या कोणत्याही यंत्रावर उघडला की ‘ळ’च्या जागी इंग्रजी चिन्हे आणि जोडाक्षरांच्या जागी चौकोन दिसत. पंधरा-सोळा वर्षांच्या लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल आणि पावतीपुस्तकांचे साचे त्यात अडकलेले होते. हार्ड डिस्क कुरकुरू लागली तेव्हा दोनच वाटा उरल्या: सारे पुन्हा जुळवायचे, किंवा तो संगणक जसाच्या तसा नव्या संगणकाच्या पोटात घालायचा. दुसऱ्या वाटेसाठी मी क्यूएमू निवडले, तेही कोणत्याही खिडकी-बटणांशिवाय, थेट कमांड लाइनवरून. वर्षभराच्या रोजच्या वापरानंतर हे परीक्षण लिहीत आहे.

क्यूएमू हे फ्रेंच प्रोग्रॅमर फाब्रिस बेलार यांनी २००३ मध्ये सुरू केलेले मुक्त सॉफ्टवेअर आहे. व्हिडिओच्या जगात सर्वत्र वापरले जाणारे एफएफएमपेगसुद्धा मुळात त्यांनीच सुरू केले होते. एका प्रोसेसरसाठी लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्या प्रोसेसरवर चालावा म्हणून त्याच्या सूचनांचे चालता चालता भाषांतर करणे, हे क्यूएमूचे मूळ काम. २००७ साली लिनक्सच्या २.६.२० या आवृत्तीत केव्हीएम, म्हणजे आतल्या यंत्राला खरा प्रोसेसर थेट वापरू देणारी सोय, आली आणि चित्र पालटले. पाहुणा आणि यजमान, म्हणजे आत उभे केलेले यंत्र (गेस्ट) आणि त्याला पोटात घेणारा खरा संगणक (होस्ट), एकाच जातीच्या प्रोसेसरचे असतील तर भाषांतराची गरजच उरत नाही. पाहुण्याच्या सूचना थेट खऱ्या प्रोसेसरवर चालतात आणि क्यूएमूकडे डिस्क, नेटवर्क कार्ड, पडदा, कीबोर्ड यांची सोंगे वठवण्याचे काम राहते. आज लिनक्सवर चालणाऱ्या कितीतरी क्लाउड सेवांच्या तळाशी हीच जोडी असते. किंमत शून्य, परवाना जीपीएल, आणि डेबियन १२ या लिनक्सवर ते भांडारातूनच दोन पॅकेजांत बसते. माझ्याकडे त्यातलीच ७.२ ही आवृत्ती आहे. संगणक साधा, चार कोअरचा, १६ जीबी मेमरीचा.

माझे मत आधीच सांगतो. क्यूएमूमध्ये खरे रत्न आहे ते यंत्र चालवणारा मुख्य प्रोग्रॅम नव्हे, तर त्याच्या शेजारी मुकाट बसलेली क्यूएमू-आयएमजी ही डिस्क इमेज, म्हणजे एका फाइलीत साठवलेली अख्खी डिस्क, सांभाळणारी लहानशी कमांड. व्हर्च्युअल मशीन, म्हणजे असे सॉफ्टवेअरने उभे केलेले यंत्र, कधीच चालवणार नसलेल्या माणसानेही ती शिकून घ्यावी, इतकी ती कामाची आहे.

जुन्या डिस्कपासून सुरुवात केली. ती काढून यूएसबी अडॅप्टरला लावली आणि डीडी-रेस्क्यूने तिची बिट-बिट प्रत एका फाइलीत उतरवली. काही सेक्टर खराब होते, त्यामुळे दीड तास गेला. तयार झालेली फाइल म्हणजे रॉ इमेज: तिला ना शीर्षक ना रचना, डिस्कवर जे जिथे होते ते तिथेच. या फाइलीवर क्यूएमू-आयएमजी इन्फो चालवल्यावर पडद्यावर चार ओळी उमटल्या आणि त्यांत व्हर्च्युअल साइज ७४.५ जीआयबी, कंसात ८००२६३६१८५६ बाइट, असे आले. डिस्कच्या खोक्यावर ८० जीबी छापलेले होते. विकणारा हजाराने मोजतो आणि संगणक १०२४ ने, हा जुना हिशेब इतक्या उघडपणे समोर मांडणारे साधन मी पहिल्यांदाच पाहिले. त्याखालच्या ओळीत डिस्क साइज, म्हणजे ती फाइल आपल्या डिस्कवर प्रत्यक्षात किती जागा खाते, तेही वेगळे सांगितलेले असते. या दोन आकड्यांमधला फरक ज्याला कळला त्याला अर्धे काम कळले.

मग ती क्यूकाऊ-टू या क्यूएमूच्या स्वतःच्या स्वरूपात बदलली. कन्व्हर्ट ही उपकमांड, डॅश स्मॉल एफने मूळ स्वरूप, डॅश कॅपिटल ओने हवे ते स्वरूप, आणि डॅश पी लावले की किती टक्के झाले ते दिसत राहते. अपेक्षा अशी होती की एक्सपी आणि साचे मिळून जेमतेम बारा जीबी भरले असल्याने फाइलही तेवढीच होईल. झाली ४१ जीबीची. कारण उघड आहे, पण ते आधी सुचले नाही: फाइल पुसली म्हणजे तिचा मजकूर डिस्कवरून जात नाही, फक्त ती जागा मोकळी असल्याची नोंद होते, आणि क्यूएमू-आयएमजीला एनटीएफएसच्या, म्हणजे विंडोजच्या फाइल सिस्टिमच्या, नोंदी वाचता येत नाहीत. त्याला फक्त शून्ये ओळखता येतात. म्हणून इमेज एकदा चालू करून आतल्या मोकळ्या जागेत शून्ये भरली, पुन्हा कन्व्हर्ट केले, आणि फाइल १३ जीबीवर आली. डॅश सी लावून आकुंचित प्रत केली ती ८ जीबीची झाली. मात्र हे आकुंचन त्या एका वेळेपुरतेच असते, पुढे पाहुण्याने जे भाग नव्याने लिहिले ते न दाबताच लिहिले जातात. त्यामुळे दाबलेली प्रत कपाटात ठेवण्यासाठी आणि साधी प्रत कामासाठी, अशी विभागणी मी केली आहे.

क्यूकाऊ-टूची रचना समजून घेण्यासारखी आहे. छापखान्याच्या हिशेबात रोजकीर्द आणि खतावणी असते, तसेच काहीसे इथे चालते. पाहुण्याला दिसणारी डिस्क ६४ केबीच्या तुकड्यांत वाटलेली असते आणि कोणता तुकडा फाइलीत नेमका कुठे पडला आहे याची नोंद दोन पातळ्यांच्या तक्त्यांत ठेवलेली असते. दुसऱ्या पातळीच्या एका तक्त्यात ८१९२ नोंदी मावतात, म्हणजे एक तक्ता ५१२ एमबी डिस्कचा हिशेब सांभाळतो. पाहुण्याने ज्या तुकड्याला कधी हातच लावला नाही त्याची नोंद नसते आणि त्याला जागाही लागत नाही. याखेरीज प्रत्येक तुकडा किती जणांच्या वापरात आहे याची वेगळी मोजणी असते, आणि स्नॅपशॉटची, म्हणजे डिस्कची त्या क्षणाची स्थिती जपून ठेवण्याची, सगळी करामत त्या मोजणीवर उभी आहे. हिशेब जुळत नाही अशी शंका आली तर क्यूएमू-आयएमजी चेक चालवावे. ते गळती आणि बिघाड वेगवेगळे सांगते. गळती म्हणजे नुसती वाया गेलेली जागा, तिची धास्ती घेऊ नये. बिघाड निघाला तर मात्र दुरुस्तीचा पर्याय लावण्याआधी फाइलीची प्रत करावी.

आता यंत्र चालू करण्याविषयी. इथे क्यूएमू नवख्याचा अंत पाहते. काही न सांगता, फक्त इमेजचे नाव देऊन यंत्र सुरू केले तर त्याला १२८ एमबी मेमरी मिळते आणि केव्हीएम वापरलेच जात नाही, सगळ्या सूचनांचे भाषांतर होत राहते. माझा एक्सपी पहिल्यांदा चार मिनिटे झेंडा हलवत बसला आणि मला वाटले इमेजच खराब आहे. केव्हीएम चालू करणारा पर्याय लावल्यावर तोच एक्सपी वीस सेकंदांत उघडला. २००३ च्या सवयी आजही मूळ गृहीतक म्हणून ठेवण्यामागे सुसंगततेचा विचार असणार हे मान्य, पण खऱ्या प्रोसेसरचा वेग उपलब्ध असताना तो न वापरणे आणि त्याबद्दल चकार शब्द न काढणे हे कोणत्याही साधनाला शोभत नाही. केव्हीएमसाठी बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू असावे लागते आणि आपले खाते केव्हीएम गटात असावे लागते. यांपैकी काही राहिले असेल तर निदान चूक स्पष्ट शब्दांत कळते.

एक्सपीची आपली वेगळी रडकथा झाली. जुन्या मदरबोर्डचा चिपसेट वेगळ्या घराण्यातला होता आणि क्यूएमूने उभे केलेले यंत्र इंटेलच्या नव्वदीच्या दशकातल्या चिपसेटचे, त्यामुळे विंडोजला स्वतःचीच डिस्क सापडेना आणि निळ्या पडद्यावर ७बी हा कोड येऊन सारे थांबले. उपाय सोपा निघाला पण चुकीच्या क्रमाने सुचला: जुनी डिस्क परत जुन्या संगणकात बसवून डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्क कंट्रोलरसाठी सर्वसाधारण ड्रायव्हर निवडायचा, आणि मग प्रत काढायची. म्हणजे दीड तासाची प्रत दुसऱ्यांदा. कुरकुरणाऱ्या डिस्कला हा जास्तीचा प्रवास घडवताना छातीत धडधड होत होती. ज्यांना जुने विंडोज असे हलवायचे असेल त्यांनी ही पायरी पहिली करावी.

बाकीची जुळवाजुळव एकेका शब्दाची होती. पडद्यासाठी सिरस लॉजिकचे जुने कार्ड सांगितले की एक्सपी आपल्या पोतडीतला ड्रायव्हर काढून १०२४ बाय ७६८ दाखवतो. माउस खिडकीत अडकून बसू नये म्हणून यूएसबी टॅब्लेट नावाचे सोंग द्यावे. ते नसेल तर कंट्रोल, ऑल्ट आणि जी एकत्र दाबून माउस सोडवावा लागतो. अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरला यूएसबी डाँगल, म्हणजे परवान्याची किल्ली असलेले छोटे उपकरण, लागतो. तो त्याच्या व्हेंडर आणि प्रॉडक्ट क्रमांकांनी पाहुण्याच्या स्वाधीन करता येतो, फक्त यूएसबी ३ चा कंट्रोलर देऊ नये, कारण एक्सपीला तो ओळखता येत नाही. एक्सपीला सुरक्षा सुधारणा मिळणे एप्रिल २०१४ मध्येच थांबले असल्याने नेटवर्क मी पूर्णपणे तोडले आहे. इथे कमांड लाइनचा मोठेपणा जाणवतो: नेटवर्क नाही असे एका शब्दात लिहिले की त्या यंत्राला नेटवर्क कार्डच उरत नाही, कुणी चुकून चालू करायला बटणही नाही.

मग फाइलींची ने-आण कशी करायची? त्यासाठी ५१२ एमबीची दुसरी एक रॉ इमेज करून तिच्यात फॅट स्वरूपाचा विभाग केला. पाहुण्याला ती ‘डी’ म्हणून दिसते आणि यंत्र बंद झाल्यावर लिनक्समध्ये तीच इमेज माउंट करून, म्हणजे डिस्कसारखी जोडून, आतल्या पीडीएफ उचलता येतात. रॉ स्वरूप मागासलेले वाटते, पण अशा देवाणघेवाणीसाठी त्यासारखे दुसरे नाही. क्यूकाऊ-टू अशी थेट माउंट होत नाही. तिला क्यूएमू-एनबीडी नावाच्या सोबत्यामार्फत जोडावे लागते. दोन्ही बाबतींत यंत्र चालू असताना इमेजला बाहेरून हात लावायचा नाही, हे कागदावर लिहून मी संगणकासमोरच्या भिंतीवर चिकटवले आहे.

क्यूकाऊ-टूचे सर्वांत मोलाचे वैशिष्ट्य म्हणजे बॅकिंग फाइल. मूळ इमेज खाली तशीच ठेवायची आणि तिच्यावर एक रिकामी, पातळ इमेज अंथरायची. वाचताना वरच्या थरात नसलेले खालून वाचले जाते, लिहिताना सारे वरच लिहिले जाते. नवा थर सुरुवातीला काही शेकडो केबींचाच असतो. रोजचे काम थरात, मूळ संगणक खाली सुरक्षित. बिघडले तर थर फेकून नवा अंथरावा, पटले तर क्यूएमू-आयएमजी कमिटने खाली मुरवावा. क्यूएमूच्या ६.१ पासून थर करताना खालच्या इमेजचे स्वरूप डॅश कॅपिटल एफने सांगणे सक्तीचे झाले आहे, त्यामुळे जुन्या लेखांतून उचललेल्या कमांड आता नापास होतात. ही सक्ती मला योग्य वाटते. स्वरूप न सांगितल्यास क्यूएमू ते फाइलीच्या सुरुवातीच्या बाइटांवरून ताडते, आणि रॉ डिस्कवर पाहुणाच लिहीत असल्याने एखादा लबाड पाहुणा तिच्या सुरुवातीला क्यूकाऊ-टूचे खोटे शीर्षक लिहून यजमानाची भलतीच फाइल बॅकिंग फाइल म्हणून दाखवू शकतो.

याच वैशिष्ट्याने मला एकदा चांगलेच रडवले, आणि दोष माझा होता. एका संध्याकाळी घाईत वरच्या बाणाने जुनी कमांड आणून चालवली. ती थराची नव्हे, मूळ इमेजची होती. एक्सपी उघडला, दहा मिनिटांत लक्षात आले, बंद केला. पण तेवढ्यात त्याने रजिस्ट्री, पेजफाइल आणि दहा लॉग लिहून टाकले होते. दुसऱ्या दिवशी थर चालू केला तर चेक डिस्क सुरू झाले आणि दोन दिवसांत जुळवलेल्या पत्रिकांच्या फाइलींत कचरा निघाला, कारण वरच्या थरातल्या नोंदी खालच्या जुन्या स्थितीला धरून होत्या आणि ती स्थिती आता राहिली नव्हती. २.१० पासून क्यूएमू चालू इमेजला कुलूप लावते आणि तीच इमेज दुसरीकडून लिहिण्यासाठी उघडू देत नाही. पण त्या वेळी थर बंद होता, आणि बंद थराची आठवण मूळ इमेजला नसते. खालच्या इमेजमध्ये वरच्यांची नोंद कुठेच नाही. आता मूळ इमेजवरचा लिहिण्याचा हक्क मी फाइल सिस्टिममध्येच काढून टाकला आहे. बॅकिंग फाइल म्हणून ती तरीही उघडते, थेट चालवू गेले तर नकार मिळतो.

तक्रारींतली सगळ्यांत गंभीर याच घराण्यातली आहे. क्यूएमू-आयएमजी क्रिएट किंवा कन्व्हर्टला आधीच अस्तित्वात असलेल्या फाइलीचे नाव दिले तर ते विचारत नाही, सरळ वरून लिहिते. डिस्क लहान करताना मात्र श्रिंक हा शब्द मुद्दाम लिहायला लावण्याइतकी काळजी त्याच कमांडच्या रिसाइझमध्ये घेतलेली आहे. मग पंधरा वर्षांच्या साच्यांवर रिकामी इमेज ओतताना एक प्रश्न विचारायला काय हरकत होती? दुसरी तक्रार डिस्क जोडण्याच्या भाषेची. एचडीए हा जुना शब्द, त्यानंतरचा ड्राइव्ह, त्यानंतरचा ब्लॉकडेव्ह, अशा तीन पिढ्या एकाच घरात नांदतात. तिन्ही चालतात, तिन्हींचे व्याकरण निराळे, आणि शोध घेतल्यावर सापडणारे उदाहरण नेमके कोणत्या पिढीचे ते ओळखणे वाचणाऱ्यावर. इमेजच्या आत साठवलेले स्नॅपशॉट पुसले तरी फाइल लहान होत नाही, फक्त आतली जागा पुन्हा वापरता येते. हे दस्तऐवजात असेलही, पण कमांड ते सांगत नाही. आणि यूझर नेटवर्किंग ही क्यूएमूची साधी नेटवर्कपद्धत वापरणाऱ्या यंत्रात जोडणी तपासणारी पिंग ही कमांड सहसा चालत नाही, त्यामुळे नेटवर्क नीट असताना ते बंद आहे असे समजून तासभर घालवणारा मी काही पहिलाच नसेन.

सुरक्षेबद्दल एक गोष्ट नोंदवावी लागेल. २०१५ मध्ये व्हेनम नावाने गाजलेली उणीव क्यूएमूच्या फ्लॉपी ड्राइव्हच्या सोंगात सापडली होती आणि ती २००४ पासून तिथे होती. जुनी यंत्रे हुबेहूब उभी करण्याची ही किंमत आहे. ज्या पाहुण्यावर विश्वास नाही त्याच्यासाठी आवृत्ती अद्ययावत ठेवणे आणि न लागणारी उपकरणे न देणे, इतके तरी करावे.

ज्यांना हे सगळे नको आहे त्यांच्यासाठी व्हर्च्युअलबॉक्स किंवा व्हर्ट-मॅनेजर हे खिडकी-बटणांचे प्रोग्रॅम आहेत, आणि एकदाच यंत्र उभे करून विसरून जायचे असेल तर मी त्यांचीच शिफारस करीन. दहा-बारा यंत्रे सांभाळायची असतील तर लिबव्हर्ट आणि त्याची व्हर्श ही कमांड घ्यावी. तिथे यंत्राचे वर्णन एका एक्सएमएल फाइलीत राहते. एका यंत्रासाठी मला तो घाट मोठा वाटला. माझे सारे यंत्र चौदा ओळींच्या एका शेल स्क्रिप्टमध्ये आहे: मेमरी किती, डिस्क कोणती, कार्ड कोणते, डाँगल कोणता, नेटवर्क नाही. प्रत्येक ओळीशेजारी ती का लिहिली याची टीप मराठीत आहे. काकांना या फाइलीपेक्षा पडद्यावरचे चिन्ह महत्त्वाचे. त्यावर दोनदा टिचकी मारली की स्क्रिप्ट चालते आणि जुने हिरवे मैदान, निळे आकाश समोर येते. नव्या कामगाराला शिकायला देताना त्याच स्क्रिप्टला स्नॅपशॉट हा एकच शब्द जोडतो. मग त्याने दिवसभर काहीही मोडले तरी सारे बदल तात्पुरत्या फाइलीत जातात आणि खिडकी बंद होताच नाहीसे होतात.

गुण द्यायचेच तर क्यूएमू-आयएमजीला पाचपैकी साडेचार देईन, अर्धा न विचारता पुसण्याबद्दल कापून. मुख्य प्रोग्रॅमला साडेतीन. उरलेला दीड त्याच्या मूळ गृहीतकांनी घालवला. केव्हीएमबद्दल लिहिण्यासारखे काही नाही, ते चालते आणि जाणवत नाही.

गेल्या महिन्यात जुना संगणक भंगारात दिला, साडेतीनशे रुपये आले. डिस्क काढून ठेवली आहे, कारण तिच्यावरून काढलेली रॉ प्रत दोन वेगवेगळ्या डिस्कवर असली तरी त्यातली दुसरी प्रत मी अजून एकदाही चालवून पाहिलेली नाही. येत्या रविवारी क्यूएमू-आयएमजी कंपेअरने दोन्ही प्रती एकमेकींशी ताडून पाहीन, त्या दुसऱ्या प्रतीवर थर अंथरून एक पत्रिका उघडीन, ‘ळ’ नीट दिसला की डिस्क निकालात काढीन.